कारभारी शेतकरी आणि त्याचा वेळ

आमच्या बेलापूर परिसरांत ज्यास चार लोक मानतात अशा कोणत्याही बागाइतदाराच्या घरीं जावें, तर पहिलें वाक्य कानीं पडतें तें हें कीं, "काय करावें, वेळच मिळत नाहीं." हें वाक्य खोटें नसतें. ज्याच्या घरीं वीस एकर ओलिताची जमीन, तोच बहुधा सोसायटीचा चेअरमन, तोच ग्रामपंचायतीचा सभासद, तोच पाणीवापर संस्थेचा संचालक आणि तोच यात्रा कमिटीचा खजिनदार असतो. शिवाय भाऊबंदांच्या वाटणींत पंच म्हणून बोलावणें येतें तेंही त्यालाच. अशा गृहस्थाच्या दिवसाचे इतके तुकडे पडतात कीं, दिवस कोठें गेला हें संध्याकाळीं त्याचें त्यालाच सांगतां येत नाहीं.

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. कारकुनाजवळ सत्ता नसते. परंतु कागद कोठें अडतो, कोणामुळें अडतो आणि अडल्यानें कोणाचें नुकसान होतें, हें त्याच्याइतकें जवळून दुसऱ्या कोणास दिसत नाहीं. त्या अनुभवावरून प्रस्तुत विषयीं चार गोष्टी लिहीत आहों. ज्यांच्या अंगावर केवळ आपल्या शेताचा भार आहे, त्यांनीं हा लेख वाचला नाहीं तरी चालेल. ज्यांच्या अंगावर गांवाचाही भार आहे, त्यांच्यासाठीं तो आहे.

प्रथम नुकसानीचा विचार करूं. तें दोन ठिकाणीं होतें. एक स्वतःच्या शेतांत. गव्हाचें पीक अठरा ते एकवीस दिवसांचें झालें म्हणजे त्यास मुकुटमुळें फुटतात, आणि त्या वेळचें पाणी चुकलें तर पुढें कितीही पाणी दिलें तरी फुटवा भरून येत नाहीं. प्रवरेच्या कालव्याचें पाणी शेजपाळीनें मिळतें. ज्या रात्रीं आपल्या चारीचें दार उघडलें, त्या रात्रीं दारें धरावयास जाणता माणूस बांधावर नसला, तर पाळी शेजाऱ्याकडे जाते आणि पुढच्या आवर्तनापर्यंत वाट पाहत बसावें लागतें. धनी सत्कारसमारंभास गेलेला, मुलगा पुण्यास, सालगडी नवा. अशा घरचीं किती शेतें आम्हीं पिंवळीं पडलेलीं पाहिलीं आहेत!

दुसरें नुकसान परक्याचें होतें व तें कोणाच्या हिशेबांत येत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं (गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) एका सभासदाचा ऐन चैत्रांत मृत्यु झाला. सातबारावर वारसांचीं नांवें लागलीं, कारण फेरफाराच्या हरकतीची पंधरा दिवसांची मुदत सरतांच तें काम झालें. परंतु सोसायटींत त्याच्या विधवेस सभासद करून घेणें व तिची कर्जमर्यादा ठरविणें, यास संचालक मंडळाची सभा हवी होती. चेअरमन भला माणूस. त्यानें त्या बाईस "पुढच्या आठवड्यांत करूं" असें मनापासून सांगितलें, आणि तसें तो तीन महिने सांगत राहिला. कारण सभा बोलावण्यास त्यास एक मोकळा दिवस सांपडेना. मृग कोरडा गेला, आर्द्रांत पाऊस पडला, वाफसा झाला, आणि बाईजवळ बीं-खतास पैसा नव्हता. तिनें जमीन त्या वर्षापुरती वाट्यानें दिली. चेअरमननें एक पैसाही खाल्ला नाहीं, कोणावर राग धरला नाहीं, तरीही एका घराचें एक वर्ष गेलें.

आतां कोणी म्हणेल कीं, ज्याच्यामागें कामेंच फार त्यानें काय करावें? यास उत्तर म्हणून आमच्याच जिल्ह्यांतील एका व्यक्तीचें उदाहरण देतों. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या नांवावरून २०२४ सालीं आपल्या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें. त्यांचीं देवळें, घाट व अन्नछत्रें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचा दिनक्रम मात्र फारसा कोणी वाचलेला नसतो. १७६७ पासून १७९५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं महेश्वराहून राज्यकारभार पाहिला. पुढें माळव्यांत आलेल्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या काळच्या लोकांकडून माहिती काढून ती आपल्या १८२३ सालच्या ग्रंथांत लिहून ठेविली आहे. बाई पहांटेपूर्वीं एक तास उठत. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व भोजन यांनंतर थोडी विश्रांति घेऊन दुपारीं दोनच्या सुमारास त्या दरबारांत येत व सायंकाळीं सहापर्यंत तेथें बसत. मग दोन-तीन तास पूजा व अल्पाहार. नऊ वाजतां काम पुन्हा सुरू होई, तें अकरापर्यंत चाले.

वाचकांनीं येथें तासांची बेरीज करावी. चार आणि दोन मिळून सहा तास होतात. एवढ्या मोठ्या मुलखाच्या कारभारास सहा तास पुरत असतील, तर एका सोसायटीच्या कारभारास किती लागावे? परंतु आमच्या मतें खरी खुबी तासांच्या संख्येंत नाहीं. दरबाराची वेळ ठरलेली होती, ही त्यांतली मोठी गोष्ट. दूरच्या परगण्यांतून पायीं आलेल्या कुळास ठाऊक असे कीं, दुपारीं दोनपासून बाई बसलेल्या असतात. त्यास वाड्याच्या दाराशीं सकाळपासून तिष्ठावें लागत नसे. आमच्याकडे उलट समजूत आहे. जो कधींही भेटतो तो लोकांचा माणूस, असें आपण मानतों. वस्तुतः जो कधींही भेटतो असें म्हणतात, तो नेमका पाहिजे तेव्हां भेटत नाहीं. समजा, सोसायटीचे चारशे सभासद आहेत आणि चेअरमनच्या सहीसाठीं प्रत्येकास वर्षांतून दोनच फेऱ्या व्यर्थ घालाव्या लागल्या. एका फेरीस अर्धा दिवस धरला, तरी चारशे दिवस मातींत गेले. म्हणजे चेअरमनच्या एका वर्षापेक्षां सभासदांचें अधिक आयुष्य त्यानें खर्च केलें. याच्या जागीं सोमवार व गुरुवार, सकाळीं आठ ते दहा, चेअरमन सोसायटीच्या कचेरींत बसतील अशी पाटी लावली आणि ती पाळली, तर हा सारा अपव्यय थांबेल. पाळली, हा शब्द आम्हीं जाणून घातला आहे. पाटी लावून न पाळणें हें पाटी नसण्याहून वाईट, कारण मग लोक त्या वेळेवर भरंवसा ठेवून येतात व फसतात.

बाईंच्या कारभारांतील आणखी दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. त्या प्रत्येकाची तक्रार स्वतः ऐकत, परंतु निवाड्याचीं कामें पंचांकडे व आपल्या कामदारांकडे सोंपवीत. ऐकणें आपल्याकडे व करणें दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. तसेंच फौजेचें काम त्यांनीं तुकोजीराव होळकरांस दिलें. तुकोजीराव दक्षिणेंत असतां सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख ते पाहत व उत्तरेकडील वसूल बाईंकडे येई. ही वाटणी जवळजवळ तीस वर्षें टिकली. आमच्या गांवांत दोन संचालकांमधली वाटणी तीस दिवस टिकत नाहीं, याचें कारण ती कधीं स्पष्ट बोललेलीच नसते.

असेंच दुसरें उदाहरण आपल्या प्रवरेच्या खोऱ्यांतलें आहे. लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें, तेव्हां त्याचे अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे होते. ते राहणारे पुण्याचे, आणि तेथील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. दोन्ही कामें डोंगराएवढीं. तरीही तीं चाललीं, कारण जागेवर लोणीचे विठ्ठलराव विखे होते. शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून भागभांडवल गोळा करणें, माणसें जोडणें व रोजचें पाहणें हें विख्यांचें. धोरण, हिशेब व सरकारशीं बोलणें यांत गाडगीळांचा हात. एकानें दुसऱ्याचें काम ओढून घेतलें असतें, तर दोघांचाही वेळ गेला असता आणि कारखानाही.

आतां आमच्या खात्याकडे वळूं. सरकारी कचेरीची रीत शेतकऱ्यास शिकवावी म्हणजे हंसण्यावारी जाईल हें आम्ही जाणतों. कचेरींत दिरंगाई होते हें कोण नाकारील? परंतु दिरंगाई रीत न पाळल्यानें होते. रीत चांगली आहे. मुंबई इलाख्यांत अँडरसन नांवाचे एक मुलकी अधिकारी होते. गांवच्या हिशेबाचे जे नमुने आपण आजही तलाठ्याकडे पाहतों, त्यांचें पुस्तक त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. कारकुनाच्या मेजावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करावे ही पद्धतिही त्यांचीच म्हणून सांगतात. पुढें १९८२ ते १९८४ च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यांत श्री. अनिलकुमार लखिना कलेक्टर असतां त्यांनीं कचेरीची जी झाडलोट केली, ती लखिना पॅटर्न या नांवानें महाराष्ट्रभर गाजली. आम्ही नोकरींत शिरलों तेव्हां ते बदलून गेले होते. परंतु जुने कारकून त्यांची आठवण काढीत. वर्षानुवर्षांचे कागद निवडले गेले, मुदत संपलेले नष्ट झाले, प्रत्येकाचें काम लेखी ठरलें, आणि कोणत्या कामास कोणाकडे जावें हें आलेल्या माणसास कळूं लागलें. यंत्र नवें कांहींच आणिलें नव्हतें.

ते सहा गठ्ठे असे. पहिल्यांत आज ज्यांवर आपणास कांहीं करावयाचें आहे ते कागद. दुसऱ्यांत आपण आपलें काम केलें, परंतु दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे असे. तिसऱ्यांत ठराविक मुदतीनें करावयाचीं कामें, म्हणजे नियतकालिकें. चौथ्यांत कायमचे हुकूम. पांचव्यांत काम पुरें होऊन दप्तरखान्यांत जावयाचे कागद, आणि सहाव्यांत नाश करावयाचे. शेतकऱ्याच्या घरीं हे साही गठ्ठे एकाच पिशवींत असतात व ती पिशवी खुंटीला टांगलेली असते.

पहिल्या गठ्ठ्याविषयीं फार सांगणें नको. तो लहान असावा व रोज सकाळीं पाहावा. खरा वेळ खातो तो दुसरा. बँकेंत अर्ज दिला, वीज मंडळास डी. पी. बदलण्याविषयीं लिहिलें, मोजणीची फी भरली, आणि मग उत्तराची वाट. ही वाट मनांत ठेवावयाची म्हणजे माणूस दिवसांतून दहा वेळां तेंच आठवतो, भेटेल त्यास तेंच सांगतो, आणि नेमक्या दिवशीं विसरतो. कारकून काय करतो? तो कागदावर स्मरणाची तारीख घालतो व त्या तारखेपर्यंत तो कागद डोक्यांतून काढून टाकतो. शेतकऱ्यानें एक साधी वही करावी. डाव्या बाजूस काम व कोणाकडे आहे तें, उजव्या बाजूस पुन्हा केव्हां विचारावयाचें ती तारीख. त्या तारखेपूर्वीं विचारूं नये; त्या तारखेस विचारल्यावांचून राहूं नये. या एका वहीनें जितकें डोकें हलकें होतें, तितकें दुसऱ्या कशानें होत नाहीं असें आमचें मत आहे.

तिसरा गठ्ठा पुढाऱ्याच्या कामाचा प्राण होय. त्याच्या बहुतेक कामांच्या तारखा वर्ष उजाडण्यापूर्वींच ठाऊक असतात, आणि तरीही प्रत्येक तारीख त्याच्या अंगावर अचानक येऊन पडते. पीककर्जाची फेड ३१ मार्चच्या आंत. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत घ्यावी लागते. म्हणजे ताळेबंद, अहवाल व नोटीस यांची तयारी श्रावण लागण्यापूर्वीं हवी. पाटबंधाऱ्याचा खरीप हंगाम १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारी अखेर, आणि १ मार्चपासून उन्हाळी; त्या त्या हंगामाचे नमुना नंबर ७ चे पाणीमागणी अर्ज जाहीर झालेल्या मुदतींत गेलेच पाहिजेत. ग्रामसभा वर्षांतून चार तरी होतात. पिकाची नोंद २०२१ पासून शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावयाची असते व तिलाही मुदत असते. ती चुकली म्हणजे विमा, अनुदान व खरेदीकेंद्र या तिन्ही ठिकाणीं हात चोळीत बसावें लागतें. भिंतीवर कालनिर्णय प्रत्येकाच्या घरीं आहे. त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडतात. त्याच चौकटींत या तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या तीन आठवडे आधीं तयारीची खूण, दिवाळीनंतर एका बैठकींत मांडून ठेवाव्या.

चौथा गठ्ठा कायमच्या हुकुमांचा. घरांत सालगड्यास रोज उठून तेंच सांगणें, हा मोठा वेळखाऊ प्रकार आहे. जनावरांस केव्हां काय, मोटार केव्हां सोडावयाची, पाट फुटला तर प्रथम कोणास हांक मारावयाची, हें एकदां नीट सांगून पक्कें केलें पाहिजे. सोसायटींतही अमुक रकमेपर्यंतचा खर्च सचिवानें विचारल्यावांचून करावा व महिन्याच्या सभेंत मांडावा असा ठराव असला, तर झाडू आणण्यास चेअरमनची सही लागत नाहीं. कित्येक चेअरमनांस झाडूवरही सही करणें आवडतें, ही गोष्ट निराळी.

पाण्याचा व वेळेचा स्वभाव एक आहे, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. दख्खनच्या कालव्यांवर त्याच्याही आधीं एक प्रश्न उभा होता. ज्यास जेव्हां हवें तेव्हां पाणी अशी मुभा असली, म्हणजे शिरापाशीं असणारे उसास वाटेल तितकें घेत व टोंकाच्या जिराइतदाराची जमीन कोरडी राही. तेव्हां मुंबई सरकारच्या नोकरींत असलेले इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनीं गटपद्धति सुचविली. अमुक गटास इतकीं वर्षें इतकें पाणी मिळेल, त्यांतल्या ठराविक हिश्श्यांतच ऊस करावा व बाकींत दुसरीं पिकें घ्यावीं, असें तिचें स्वरूप होतें. पुढाऱ्याचा दिवस शिरापाशींच फुटलेल्या पाटासारखा असतो. सकाळीं ओट्यावर जो प्रथम येऊन बसतो तो त्याचा वेळ पिऊन टाकतो, आणि टोंकाला असलेल्या दोन गोष्टी, म्हणजे स्वतःचें शेत व घरचीं मुलें, कोरड्या राहतात. यास्तव दिवसाचेही गट पाडावे. उजाडल्यापासून साडेसातपर्यंतचा गट शेताचा. त्या वेळेंत ओट्यावर कोणी आला तरी त्यास बांधावर यावयास सांगावें. खरें काम असलेला माणूस बांधावर येतो. गप्पा मारावयास आलेला घरीं जातो.

तालुक्याच्या कामांसही एक वार नेमून द्यावा. बेलापुराहून श्रीरामपूर सुमारें दोन कोसांवर. तहसील, बँका व बाजार समिति तेथें. एवढेंच काय, बेलापूर नांवाचें रेल्वेस्थानकही बेलापुरांत नसून श्रीरामपुरांतच आहे, आणि नवखे पाहुणे त्यामुळें अजून फसतात. अंतर थोडें म्हणून आमचा शेतकरी मोटारसायकलीवर टांग टाकून एका झेरॉक्ससाठींही जातो व दुपारीं परततो. आठवड्यांतून चार वेळां असें झालें कीं दोन दिवस गेले. एकच वार धरावा, आदल्या रात्रीं कामांची यादी करावी, कागद त्याच क्रमानें लावावे. कचेरींत सकाळीं जाणें बरें. दुपारनंतर साहेब दौऱ्यावर किंवा बैठकीस गेलेले असण्याचा संभव अधिक.

लग्नें व दशक्रिया यांविषयीं लिहिल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. आमच्या जिल्ह्यांत पुढाऱ्याची हजेरी या दोन ठिकाणीं मोजली जाते. दाट तिथीस एकाच दिवशीं पांच-सात पत्रिका असतात, मुहूर्त साडेबाराचा छापलेला व अक्षता दोन वाजतां पडतात. आमचें स्पष्ट मत असें कीं, दुःखाच्या ठिकाणीं स्वतः जावें, आणि आनंदाच्या ठिकाणीं घरांतील दुसऱ्या कोणास पाठविलें तरी चालतें. दुःखांत न आलेला माणूस लोक विसरत नाहींत. लग्नांत न आलेल्याची आठवण आहेर लिहितांनाच काय ती होते. तसेंच दशक्रियेस गेल्यावर भाषण करावेंच असें नाहीं. नदीच्या घाटावर उन्हांत बसलेल्या मंडळींचाही वेळ वेळच आहे.

मोबाइलसंबंधीं इतकेंच कीं, दारें धरतांना व फवारणी चालू असतां तो बांधावर ठेवावा. फोन करणारा पुन्हा करतो. पाळी पुन्हा येत नाहीं.

ज्यांस आरंभ कोठून करावा हें सुचत नाहीं, त्यांनीं या महिन्यांतील एक रिकामी दुपार घेऊन खुंटीवरची ती पिशवी खालीं उतरवावी व घोंगडीवर पालथी करावी. सहा ढीग घालावे. सहावा ढीग सर्वांत मोठा निघेल. जुन्या पत्रिका, निवडणुकीचीं पत्रकें, खताच्या दुकानचीं रिकामीं पाकिटें, संपलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. तीं खुशाल चुलींत घालावीं. मात्र कांहीं कागद टाकाऊ दिसले तरी टाकूं नयेत. खरेदीखतें, वाटणीपत्रें, जुने सातबारा व फेरफाराचे उतारे आणि मोजणीचे नकाशे कायमचे ठेवावे. कोर्टाचे निकाल कितीही जुने असले तरी ठेवावे. कर्ज फिटल्याचा दाखला बोजा कमी झाल्याची नोंद सातबारावर डोळ्यांनीं पाहीपर्यंत हातचा सोडूं नये, आणि पुढेंही जपून ठेवावा. पाणीपट्टीच्या पावत्या वर्षवार दोऱ्यांत ओंवून ठेवाव्या, कारण थकबाकीची यादी लागते तेव्हां भरलेल्याचेंही नांव तींत क्वचित् निघतें, आणि त्या दिवशीं पावतीवांचून दुसरें कांहीं उपयोगी पडत नाहीं.